बियाण्याचे धान्य : साठवण व विक्री यांतील शेतकऱ्याच्या अडचणी

शेतकऱ्याच्या घरातील धान्याचे दोन भाग असतात. एक खाण्याचा अथवा विकण्याचा आणि दुसरा पेरण्याचा. खाण्याच्या धान्याची काळजी सारे घर वाहते, विकण्याच्या धान्याची काळजी व्यापारी वाहतो. परंतु पेरण्याच्या धान्याची काळजी आज कोणी वाहावयाची, हा प्रश्न आमच्या भागात दरवर्षी मृगाच्या तोंडावर उभा राहतो व आर्द्रा संपेपर्यंत अनेकांस रडवून जातो. यास्तव या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार सभासद बंधूंपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते व जायकवाडीचा डावा कालवा या मुलखातून पुढे परभणीकडे जातो. जमीन बहुतांशी काळी, पिके कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा, आणि पाणी असेल तेथे ऊस व मोसंबी. जिल्ह्याचे नाव तर बियाण्यासाठीच देशभर गाजलेले आहे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे बियाण्याची कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तुरीचे बीडीएन ७११ व बीएसएमआर ७३६ हे नावाजलेले वाण आमच्याच जिल्ह्यातील बदनापूर येथील संशोधन केंद्राने दिले. असे असता याच जिल्ह्यातील सामान्य कुणब्यास स्वतःच्या घरचे बी जपणे कठीण व विकणे त्याहून कठीण व्हावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

जुनी रीत

पूर्वी बियाणे ही बाजारातून आणावयाची वस्तू नव्हती. ज्वारीचे पीक उभे असतानाच घरचा जाणता माणूस शेताच्या मध्यभागी फिरून भरदार, एकसारखी व निरोगी कणसे हेरून ठेवी. ती वेगळी खुडून, वेगळी वाळवून आढ्याला टांगीत. खालच्या चुलीच्या धुराने कीड लांब राही. कडधान्याचे बी राखेत घोळून मडक्यात भरीत आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकीत. खाण्याचे धान्य पेवात वा कणगीत जाई. परंतु पेवातील धान्यास ऊब व ओल लागत असल्याने बियाण्यास ते सहसा वापरीत नसत. आमच्या मातोश्री बियाण्याच्या मडक्यास पोळ्यापर्यंत कोणास हात लावू देत नसत. कारण पहिली पेरणी मोडली तर दुसरीला बी कोठून आणावयाचे, हे त्यांना ठाऊक होते.

या रीतीत सारेच गोड होते असे मात्र नव्हे. ज्या वर्षी पाऊस दगा देई त्या वर्षी बियाण्याचे मडकेही चुलीवर चढे. मग पुढच्या हंगामास सावकाराच्या दारी जावे लागे. तो सवाई-दिढीने बी देई. म्हणजे पेरणीस चार पायल्या नेल्या तर सुगीस पाच अथवा सहा पायल्या परत करावयाच्या. इंग्रजी मुलखात १८८४ च्या कायद्याने बियाण्यासाठी सरकारी तगाई मिळण्याची सोय झाली, त्याचे कारणही हेच. तात्पर्य, घरी बी असणे म्हणजे सावकारापासून सुटका आणि घरी बी नसणे म्हणजे त्याचे ओझे, असा तो काळ होता. सावकाराचे रूप आज पालटले. परंतु जूनमध्ये ज्याच्या घरी बी नाही त्याचे परावलंबन गेले आहे, असे आम्हांस वाटत नाही.

कोणते बी घरी ठेवता येते

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संकरित कापूस, संकरित बाजरी, संकरित मका यांचे घरचे बी पेरू नये. संकर हा दोन निराळ्या वाणांचा केलेला असतो. त्याचे दाणे पुन्हा पेरले तर पुढील पिढीत झाडे एकसारखी न येता गुण विखुरतात व उत्पन्न घटते. परंतु सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद, गहू ही सरळ वाणांची पिके असून त्यांचे परागीकरण बहुतांशी त्याच फुलात होते. एकदा प्रमाणित बियाणे आणले तर त्यापासून आलेले निवडक बी पुढे दोन-तीन वर्षे निर्धास्त वापरता येते. तूर व ज्वारी यांचे सरळ वाणही ठेवता येतात. मात्र तुरीत मधमाश्यांमुळे व ज्वारीत वाऱ्यामुळे मिसळ होते, सबब बियाण्याचा तुकडा दुसऱ्या वाणापासून लांब राखावा लागतो.

साठवणीतील अडचण

सर्वांत नाजूक बी सोयाबीनचे. त्याचे टरफल पातळ व अंकुर टरफलाच्या अगदी लगत असतो. पोते खांद्यावरून धाडकन टाकले, मळणी यंत्र भरधाव फिरविले, अथवा थरावर थर चढविले, की दाणा वरून साजरा दिसतो पण आतील अंकुर मेलेला असतो. डाळ करणाऱ्यास वा तेल काढणाऱ्यास त्याने काही बिघडत नाही; पेरणाऱ्याचे मात्र सर्वस्व बिघडते. खाण्याचे धान्य व बियाण्याचे धान्य यांतील हाच मुख्य भेद आहे, आणि आमच्या गावोगावची साठवण मात्र दोहोंस एकच आहे.

दुसरा शत्रू ओल. बियाणे हे जिवंत असते व श्वास घेते. ओल व उष्णता वाढली की त्याचे आयुष्य झपाट्याने सरते. हॅरिंग्टन नामक अमेरिकन बीजशास्त्रज्ञाने याचा एक ठोकताळा सांगून ठेविला आहे. बियाण्यातील ओल एक टक्क्याने उतरविली तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, व साठवणीच्या जागेची उष्णता पाच अंशांनी उतरविली तरी तसेच होते. साधारणपणे पाच ते चौदा टक्के ओलीच्या दरम्यान हा ठोकताळा लागू पडतो. प्रमाणित बियाण्याच्या मानकांत सोयाबीन, ज्वारी व गहू यांस कमाल १२ टक्के आणि तूर, मूग, हरभरा यांस कमाल ९ टक्के ओल ठरविली आहे, ती याच कारणाने.

आता आमच्या घरांचा विचार करा. जुन्या धाब्याच्या घरात भिंती जाड, छपरावर पांढऱ्या मातीचा थर, आत उन्हाळ्यातही गारवा. त्या जागी पत्र्याच्या खोल्या आल्या. वैशाखात जेथे माणसास घटकाभर बसवत नाही, तेथे आपण बियाण्याची पोती आठ महिने ठेवतो, शेजारी खताची गोणी ठेवतो आणि जूनमध्ये उगवले नाही म्हणून नशिबास बोल लावतो.

तिसरा शत्रू कीड. कडधान्याचा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो व दाण्याबरोबर घरात येतो. म्हणून घर कितीही स्वच्छ असले तरी तो चैत्रात प्रकट होतो. त्यावर उपाय म्हणून कित्येक जण बाजारातून विषारी धुरीच्या गोळ्या आणून राहत्या घरात ठेवितात. हा प्रकार अत्यंत घातक आहे. त्या गोळ्यांतून निघणारा वायू निजलेल्या माणसांचे प्राण घेतो. ती धुरी बंद गोदामात, शिकलेल्या माणसाकडूनच द्यावयाची असते.

आमचा एक अनुभव

२०१९ च्या ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरात काढणीच्या ऐन वेळी पावसाने मराठवाड्यास झोडपले. आमचे सोयाबीन गंजी घालून पडले होते, ते भिजले. ऊन पडल्यावर वाळवून, मळून आम्ही त्यांतील बरे दोन क्विंटल बियाण्यास म्हणून बाजूस ठेविले. दाणा पिवळा दिसत होता. मे महिन्यात गोणपाटात शंभर दाणे लावून पाहिले तेव्हा अठ्ठेचाळीसच उगवले. ते बी आम्ही दाण्याच्या भावाने विकले व पेरणीसाठी एका दुकानातून पिशव्या आणल्या. त्यांची चाचणी घेण्याचे मात्र आम्हांस सुचले नाही. छापील पिशवी आहे, मग शंका कसली, असे वाटले. पाऊस वेळेवर झाला, वाफसा चांगला मिळाला, आणि निम्म्याहून अधिक रान उघडे पडले. दुकानदाराने खोल पेरणीवर बोट ठेविले. आम्ही पिशवीवर ठेविले. दुबार पेरणी करावी लागली. तिचा खर्च गेला, शिवाय पंधरा दिवसांचा हंगाम गेला, तो कोणत्याही पंचनाम्यात भरून येत नाही.

हे दुःख आमचे एकट्याचे नव्हते. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यात हजारोंनी झाल्या व उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतः होऊन दखल घेतली. महसुली दफ्तरात आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यास त्या वर्षी एक गोष्ट नव्याने कळली. तक्रारीचा कागद मजबूत असावा लागतो. ज्यांनी पावती, पिशवीवरील खूणचिठ्ठी, रिकामी पिशवी व मूठभर शिल्लक बी जपून ठेविले होते, त्यांच्या अर्जास वजन आले. ज्यांनी पिशव्या बांधावर फेकल्या, त्यांस सांगण्यासारखे पुष्कळ होते, दाखविण्यासारखे काही नव्हते. आम्ही दुसऱ्या वर्गातले.

विक्रीतील अडचण

आता विक्रीकडे वळू. समजा, एखाद्याने सारी काळजी घेऊन उत्तम बी राखले. ते विकावयाचे कोणास व कोणत्या भावाने? अडतीवर नेले तर तेथे ओल, माती व डाग एवढेच पाहतात. अंकुर जिवंत आहे की मेला, याची तेथे किंमत नाही. ज्याने निवडले, वाळविले, जपले, त्यास आणि ज्याने खळ्यावरूनच पोती भरली, त्यास एकच भाव. उलट वाळविणारा वजनात मार खातो. चौदा टक्के ओलीचे दोन क्विंटल सोयाबीन दहा टक्क्यांवर आणले तर सुमारे नऊ किलो वजन हवेत जाते. चाळणीत फुटका व बारीक दाणा जातो तो निराळाच.

दुसरी अडचण वेळेची. सुगी दिवाळीच्या तोंडावर, पेरणी मृगात. मध्यंतरीचे आठ महिने रक्कम अडकून राहते. पाच एकर सोयाबीन करणाऱ्यास एकरी तीस किलोप्रमाणे दीड क्विंटल बी लागते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता; त्या दराने दीड क्विंटलचे ७,३३८ रुपये झाले. मोठ्या बागाईतदारास ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु दिवाळी, लेकीचे येणे, हरभऱ्याची पेरणी व सोसायटीचा हप्ता एकाच महिन्यात आलेल्या घरास ती किरकोळ नसते. ते पोते विकले जाते, आणि जूनमध्ये तोच शेतकरी दाण्याच्या भावाहून पुष्कळ चढ्या दराने पिशवी उचलतो, अनेकदा उधारीवर. जुनी सवाई-दिढी नाव बदलून अशी परत येते.

तिसरी अडचण विश्वासाची. बी पाहून ओळखता येत नाही. ते उगवल्यावरच कळते. म्हणून घेणारा शेजाऱ्याच्या पोत्यापेक्षा परगावच्या छापील पिशवीवर भरवसा टाकतो. याचा त्यास दोष देता येणार नाही. शेजाऱ्यानेही आपल्या पोत्याची परीक्षा करून दाखविलेली नसते.

कायदा काय म्हणतो

घरचे बी विकणे हा गुन्हा आहे, असा एक गैरसमज खेड्यांत पसरला आहे. त्याचे निरसन होणे अगत्याचे आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांचे बी विकणाऱ्यावर उगवण, शुद्धता व खूणचिठ्ठी यांची बंधने घातली, आणि १९८३ च्या आदेशाने बियाण्याच्या व्यापारास परवाना आवश्यक केला. परंतु त्याच १९६६ च्या कायद्याचे कलम २४ असे आहे की, एखाद्याने स्वतः पिकविलेले बी स्वतःच्याच जागेवर, पेरणाऱ्या माणसास थेट विकले अथवा दिले, तर त्यास हा कायदा लागू होत नाही. पुढे वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा २००१ चा कायदा झाला. त्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्यास संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. अट एवढीच की छापाच्या पिशवीत, नाममुद्रेखाली ते विकू नये. २०१९ साली गुजरातेतील बटाटा उत्पादकांवर एका बड्या कंपनीने आपल्या संरक्षित वाणावरून दावे लाविले, तेव्हा देशभर याच कलमाचा आधार सांगितला गेला व कंपनीने ते दावे मागे घेतले.

तेव्हा मार्ग दोन आहेत. घरून, उघड्या पोत्यातून, आपल्या माणसास विकावयाचे असेल तर कायदा आड येत नाही. दुकानातून, पिशवीतून, परगावी विकावयाचे असेल तर परवाना व रीतसर खूणचिठ्ठी पाहिजे. आणि प्रमाणित म्हणून विकावयाचे तर बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे क्षेत्राची नोंदणी, उभ्या पिकाची तपासणी, प्रक्रिया व प्रयोगशाळेची परीक्षा हे सारे सोपस्कार झाले पाहिजेत. महाबीज अथवा अन्य संस्थांसाठी बीजोत्पादन करणारे शेतकरी या दुसऱ्या मार्गाने जातात. एकट्याने तो मार्ग चालणे अवघड. गटाने चालणे शक्य आहे.

आमच्या सूचना

पहिली सूचना अशी की, बियाण्याचा तुकडा पेरणीच्या वेळीच ठरवावा. पाच एकरांपैकी अर्धा एकर चांगल्या निचऱ्याचा निवडून त्यांत प्रमाणित बी पेरावे, फुलोऱ्यात व शेंगा भरताना फिरून निराळी दिसणारी झाडे उपटावी, व त्याची काढणी सर्वांआधी, ऊन पाहून करावी. मळणी यंत्राचे फेरे मिनिटास साडेतीनशे-चारशेच्या वर जाऊ देऊ नयेत.

दुसरी सूचना साठवणीविषयी. बी ताडपत्रीवर पातळ पसरून सौम्य उन्हात वाळवावे. पोती ज्यूटची, स्वच्छ व उलटी करून झटकलेली असावी. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, थर पाच ते सात पोत्यांहून अधिक नको, आणि पोते कधीही फेकू नये. पत्र्याची खोली टाळून घरातील सर्वांत थंड जागा बियाण्यास द्यावी. कडधान्य चांगले कडक वाळवून कोठीत भरावे व वर चार बोटे राखेचा थर द्यावा. तिहेरी थराच्या हवाबंद पिशव्याही आता मिळतात; मात्र त्यांत पुरते वाळलेलेच बी भरावे. ओले बी हवाबंद केले तर ते आतल्या आत कुजते.

तिसरी सूचना सर्वांत स्वस्त व सर्वांत मोलाची. चैत्रात एकदा व मेअखेर एकदा उगवण तपासावी. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून व तळातून मूठमूठ दाणे घेऊन एकत्र करावे; त्यांतून न निवडता शंभर दाणे मोजावे; ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावाव्या, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व सावलीत ओलसर ठेवावी. पाच ते सात दिवसांनी उघडून ज्यांस मूळ व कोंब दोन्ही धड आहेत, तेवढेच मोजावे. सत्तर वा अधिक निघाले तर सोयाबीन एकरी तीस किलो पेरावे. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्यास अर्धा किलो बी वाढवावे. म्हणजे साठ असतील तर पस्तीस किलो. साठच्याही खाली गेले तर ते बी पेरू नये. विकतच्या पिशवीचीही हीच परीक्षा घ्यावी. आम्ही ती २०२० साली घेतली असती तर शंभर दाण्यांत जे कळले असते, ते कळण्यास आम्हांस सारे रान पेरावे लागले.

चौथी सूचना पैशाविषयी. दिवाळीच्या गरजेपायी बियाण्याचे पोते विकण्याऐवजी विकावयाचा माल तारण ठेवावा. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. जी बाजार समिती ती चालविते, तिच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा आदी माल ठेवून किमतीच्या पाऊणपटीपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सालीना सहा टक्क्यांनी मिळते. एक लक्ष रुपयांच्या मालावर पंचाहत्तर हजार घेतले तर सहा महिन्यांचे व्याज २,२५० रुपये पडते. मात्र गोदामात दाण्याचा माल ठेवावा. बियाण्याचे पोते उंच थप्पीत जाऊ देऊ नये, ते घरीच असावे.

पाचवी सूचना आमच्या मंडळासाठी आहे. गावोगाव एक बियाणे-वही असावी. तीत बी राखणाऱ्याचे नाव, वाण, मूळ प्रमाणित पिशवी कोणत्या सालची, शिल्लक किती, आणि चैत्र व मे या दोन्ही चाचण्यांत शंभरांत किती उगवले, एवढेच रकाने पुरेत. चाचणी दोन त्रयस्थ सभासदांसमक्ष व्हावी व त्यांच्या सह्या असाव्या. ज्यास बी पाहिजे त्याने वही पाहून राखणाऱ्याच्या घरी जावे व तेथूनच बी न्यावे. अशाने कलम २४ ची मर्यादाही पाळली जाते. भाव त्या दिवशीच्या बाजारभावाच्या सवाईने असावा. सवाई हा शब्द आमच्या आजोबांच्या वेळी घेणाऱ्याच्या छातीत धडकी भरवी; आता तो राखणाऱ्याच्या श्रमाचे व तुटीचे मोल ठरावा. घेणाऱ्यासही पिशवीच्या दराहून तो हलकाच पडेल.

हे अशक्य नाही. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे या आदिवासी गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावरान वाणांची बीजबँक उभी केली व त्यांस पद्मश्री मिळाली. आमच्याजवळ तर बदनापूरचे केंद्र आहे, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीचे विद्यापीठ आहे. त्यांच्याकडून शुद्ध बी आणावयाचे व पुढची दोन-तीन वर्षे ते गावानेच वाढवावयाचे, एवढी वाटणी झाली तरी पुष्कळ झाले.

आमच्या गावाच्या नावात कुंभार आहे. बियाण्याचे मडके ज्या गावच्या चाकावर फिरले असेल, त्या गावाने बियाण्यासाठी जूनमध्ये दुकानाच्या पायरीवर रांग धरावी, हे आम्हांस बरे वाटत नाही. पत्र्याची कोठी आली म्हणून मडके गेले, त्याचे दुःख नाही. मडक्याबरोबर ते राखणारी नजर जाऊ नये, इतकेच आमचे मागणे आहे. येत्या चैत्रात प्रत्येक सभासदाने आपल्या पोत्यांतील शंभर दाणे गोणपाटात लावून पाहावे व निघालेला आकडा, तो चांगला असो वा वाईट, मंडळाकडे कळवावा. आमचा आकडा आम्ही पहिला लिहून देऊ.